कडबाकुट्टीला झिणझिण्या येतात? चपलेवर भागवू नका, अर्थिंग तपासा

मागच्या आषाढात आमच्या गोठ्यातल्या कडबाकुट्टीने मंडळींना दोनदा झटका दिला. वायरमनला विचारलं तर म्हणाला, "ओल आहे, चप्पल घालून चालवा." आठ दिवस आम्ही तसंच चालवलं. मग एका सकाळी मशीन सुरू असताना म्हैस दावं ताणून मागे सरली. वैरण समोर असून तोंड लावेना. गव्हाणीचा लोखंडी पाईप मशीनच्या स्टँडला टेकलेला होता. चार पाय ओल्या जमिनीवर अन् तोंड लोखंडाला, तिला कोण चप्पल घालणार?

मोटार उघडली. आत भुसा अन् ओल साचून करंट बॉडीत गळत होता. अर्थची हिरवी वायर होती, पण बोर्डामागे गुंडाळून ठेवलेली. कुठंच जोडलेली नव्हती.

आपल्या तालुक्यात कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान कुठंही बघा, बहुतेक ठिकाणी हाच प्रकार. "एमसीबी बसवलाय की" असं उत्तर मिळतं. पण एमसीबी माणसासाठी नसतो, तो वायर जळू नये म्हणून असतो. साधा हिशोब बघा. शेतात ठोकलेल्या अर्थच्या पाईपचा रोध 20 ओहम धरा. फेजची वायर सुटून बॉडीला लागली तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट जमिनीत जाणार. 16 अँपिअरचा एमसीबी त्याला हलणारच नाही. मशीन तशीच जिवंत राहणार अन् हात लावणारा खलास.

म्हणून अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी पाहिजे, 30 मिलिअँपिअरची. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही की ती क्षणात लाईन तोडते. अर्थ थोडी कमजोर, अगदी 100 ओहमची असली तरी दोन अँपिअरच्या वर गळती होते, म्हणजे ती पडणारच. सिंगल फेजला दोन पोलची, थ्री फेजला चार पोलची. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. बटणाने फक्त आरसीसीबी तपासली जाते, अर्थिंग नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

अर्थिंग तपासायला आपल्याकडे फेज अन् अर्थमध्ये बल्ब लावायची पद्धत आहे. बल्ब लख्ख पेटला की सगळे खूश. पण 100 वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. तेवढा करंट 50 ओहमच्या भिकार अर्थमधूनही आरामात जातो. शिवाय अर्थ तुटलेली असेल तर तिला जोडलेल्या सगळ्या मशीनच्या बॉडीत त्या वेळी करंट येतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून मोजून घ्या. जमीन कोरडी असते तेव्हा रोध वाढतो, म्हणून मोजायचं ते उन्हाळ्यात. पावसात मोजलं तर सगळ्यांचंच चांगलं येतं. मिठाने पाईप आणि क्लॅम्प गंजतात, बिघाड बहुतेक वेळा त्या जोडावरच सापडतो.

दोन उद्योग मात्र बंदच करा. एक, न्यूट्रल नाही म्हणून जमिनीत पहार ठोकून मशीन चालवणं. पाच अँपिअरचा लोड अन् पहारीचा रोध 30 ओहम असला तर पहारीवर दीडशे व्होल्ट उभे राहतात. तिथं गेलेलं कुत्रं, शेरडू मरतं ते यामुळं. अशा ठिकाणी आरसीसीबी सारखी पडते, मग लोक तिलाच खराब ठरवून काढून टाकतात! दुसरा, अर्थ नाही म्हणून बॉडी न्यूट्रलला बांधणं. पोलवर न्यूट्रल तुटला की अख्खी बॉडी फेजची होते.

थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थ वायर जोडायच्या असतात, तसा नियम आहे. एक तुटली तरी दुसरी उरते. थ्री पिनची जाड लांब पिन अर्थची, ती सॉकेटात आधी लागते आणि शेवटी सुटते. ती कापून टू पिनमध्ये घालणारे महाभाग आहेत.

वेल्डिंगवाल्यांनी रिटर्नचा चिमटा कामाच्या तुकड्यालाच, जवळच लावावा. शेडच्या खांबाला लावला तर वेल्डिंगचा शेकडो अँपिअर करंट बाकीच्या मशीनच्या अर्थ वायरमधून वाट काढतो अन् ती आतून जळते. बाहेरून काहीच दिसत नाही.

आणि कडबाकुट्टीला पंपासारखा ऑटो स्विच कधीही बसवू नका. लाईट गेली म्हणून अडकलेला कडबा काढायला हात घातला, तेवढ्यात लाईट आली तर पातं फिरणार. साधा स्टार्टर लाईट गेल्यावर सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय लागत नाही. तरी हात घालण्याआधी मेन स्विच पाडायचाच.

कुणी चिकटलंच तर त्याला धरू नका, आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने ढकला अन् 108 ला फोन करा. पोलवरचा दोष असेल तर 1912 वर तक्रार द्या. आमच्याकडं मोटार साफ करून, हिरवी वायर जोडून आरसीसीबी बसवली. ती डीएपीच्या दोन पिशव्यांच्या आत आली. म्हैस तिसऱ्या दिवशी गव्हाणीवर आली.