दुसरा आवाज कुणी टिपला?

अमेरिकेतल्या केंटकीच्या नेओमी आणि वायनोना जड या मायलेकींची सहा गाण्यांची पहिली छोटी तबकडी १९८४ साली निघाली आणि त्याच वर्षी ‘व्हाय नॉट मी’ हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बमही आला. कंट्री संगीत ऐकणाऱ्यांना त्यामागची कथा पाठ असते. नेओमी परिचारिका होती. ब्रेंट माहेर या निर्मात्याची मुलगी रुग्णालयात असताना नेओमीची त्याच्याशी ओळख झाली, मायलेकींनी घरी साध्या रेकॉर्डरवर भरलेली टेप त्याच्यापर्यंत पोचली आणि पुढे तोच त्यांचा निर्माता झाला. या कथेपेक्षा लक्ष वेधून घेतं ते पहिल्या तबकडीचं नाव: ‘वायनोना अँड नेओमी’. मुख्य आवाज लेकीचा, म्हणून तिचं नाव आधी. पण तिच्या सुराला सूर लावणाऱ्या आईचं नावही वेष्टनावर ठळक. आता सिंधुदुर्गाकडे पाहावं. दोन बायकांनी मिळून गाणं ही इथली रोजच्या कामाची रीत होती, पण लोकांच्या तोंडी असलेलं असं दोघींच्या नावाचं एखादं ध्वनिमुद्रण सांगा म्हटलं तर कुणाला आठवत नाही. गळे कमी पडले म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. गाणं टिपणाऱ्या साधनांनी बहुतेकदा दुसऱ्या आवाजाला वगळलं, असं पुरावा सांगतो.

कोकणात नाचणी, कुळीथ दळायला जातं आणि भात भरडायला घिरट. समोरासमोर बसून दोघींनी खुंटा धरायचा. एकीने ओळ घालायची, दुसरीने ती उचलायची. सुराच्या हौसेइतकाच इथे दमाचा प्रश्न असतो. हात थांबवता येत नाही, म्हणून एक गात असताना दुसरीला श्वास मिळायला हवा. चतुर्थीतल्या फुगडीतही ओळ देणारी आणि उचलणाऱ्या अशी वाटणी असते. आपल्या संगीतात दोन वेगळे सूर एकावर एक बसवत नाहीत, तेव्हा दोघींच्या गाण्यात ऐकण्यासारखं काय, असा आक्षेप कुणी घेईल. पण दुसरी बाई ओळ जशीच्या तशी परत करतेच असं नाही. ती आधीची ओळ संपायच्या आत शिरते, शब्द लांबवते, कधी आपल्या माहेरची कड जोडते. सुरांची थर-रचना नसली तरी दोन माणसांची रचना असतेच, आणि ती ऐकल्याशिवाय कळत नाही.

हे ऐकणं नेमकं कागदाने बंद केलं. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्यांचं भांडार आहे, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या खंडांमधून केलेलं काम तर अफाट. या मंडळींचं ऋण मान्य करूनच म्हणायला हवं, की छापलेल्या पानावर ओवी एकदाच येते. उचलणारी बाई तिथे दिसतच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून उभारलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह मला म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. हजारावर गावं, तीन हजारांहून अधिक बायका, एक लाखाहून अधिक ओव्या. आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने पुढे त्याची संगणकीय सूची झाली, आणि २०१७पासून ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘परी’ या संकेतस्थळाने तो लोकांपुढे आणला. तरी यातही लाखभर ओव्या आहेत त्या शब्दांत. आवाजात आहेत त्या काही हजार. शिवाय संग्रहाचा मोठा भाग घाटावरचा, त्यातही पुणे जिल्ह्यातला. या संग्रहातून ज्यांचं नाव सर्वदूर गेलं त्या परभणीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, आणि त्यांची ओळख आहे ती एकटीने गाणारी म्हणून. इतक्या जाणत्या संशोधकांच्या कामातूनही लोकांनी उचललं ते एकटीचंच गाणं. सवय किती खोल गेली आहे पाहा.

कुणी म्हणेल, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे यांची जुगलबंदी तर एचएमव्हीच्या तबकडीवर आलीच. खरं आहे. मिरजेच्या घरातल्या या बहिणी. वडील अब्दुल करीम खाँ यांच्यापासून वेगळं होऊन आई ताराबाई माने यांनी मुलांना वाढवलं, त्यांची नावं बदलली. सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, सरस्वतीबाई अशी गाणारी रांग त्या घरातून उभी राहिली. पण या बहिणी जोडीने गाजायला लागल्या तोवर हिराबाई ‘गानहिरा’ झाल्या होत्या आणि सरस्वतीबाईंचा आवाज १९४३च्या ‘रामराज्य’मुळे देशभर पोचला होता. दोन सिद्ध नावं एकत्र आली, तेव्हा जोडी तबकडीवर आली. जड मायलेकींना कुणी ओळखत नव्हतं. त्यांची ओळख जोडीनेच सुरू झाली. या दोन गोष्टींमध्ये फार मोठं अंतर आहे.

मग सिंधुदुर्गात दोघांच्या गाण्याला बाजारच नव्हता का? होता, आणि जोरात होता. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांमधल्या भजनाच्या सामन्याच्या, कॅसेटी आणि व्हीसीड्या गावोगाव वाजल्या, मुंबईत चाळींतूनही वाजल्या. दोन बुवा, दोन मंडळं, पखवाज, पेटी आणि ‘समोरच्या बुवां’ना हाणलेले टोमणे. जाहिरातीत दोन नावांच्या मध्ये शब्द असतो ‘विरुद्ध’. मला डबलबारी आवडते, तिच्यातली हजरजबाबी बुद्धी तर फारच. पण बाजाराने दोन आवाज विकले ते झुंजीचे. एकमेकींचा दम सांभाळणाऱ्या दोन आवाजांना गिऱ्हाईक असेल, हे कुणी आजमावल्याचं दिसत नाही. आता बायकाही बुवा म्हणून बारीला उभ्या राहतात, ते चांगलंच आहे. मात्र त्यांच्या नावांच्या मध्येही ‘विरुद्ध’च येतं.

अमेरिकेतही हे आपोआप घडलं नव्हतं. डेव्हिस सिस्टर्स म्हणून गाणाऱ्या, प्रत्यक्षात बहिणी नसलेल्या दोघींचं गाणं १९५३मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोटार-अपघातात दोघींपैकी बेटी जॅक गेली. जोडीतली उरलेली स्कीटर डेव्हिस पुढे प्रसिद्ध झाली ती एकटीने गाऊन. तिथल्या बाजारालाही जोडीची किंमत कळायला वेळ लागला.

गिरणीने जातं गेलं, ते परत येणार नाही आणि येऊही नये. त्या कष्टांचं कौतुक दळणारीनेच करावं. फुगडी मात्र आहे, आणि चतुर्थीला प्रत्येक खळ्यात मोबाईल आहे. येत्या वर्षी गाणं टिपणाऱ्यांनी तो ओळ देणारीच्या तोंडासमोर न धरता दोघींच्या मध्ये धरावा. दोघींना विचारून, त्यांची हरकत नसेल तर दोघींची नावं, वाडी आणि ओळ कोण देते, कोण उचलते, हे लिहून ठेवावं. व्हिडिओखाली नुसतं ‘पारंपरिक’ लिहून मोकळं होऊ नये.