पाठीवरचे ठिपके

काठीच्या राजवाडी होळीचे फोटो दरवर्षी छापून येतात: पहाटेचा जाळ, मोठाले ढोल, मोरपिसांचे उंच टोप. संपादकांना त्या रात्रीआधीचे दिवस हवे होते. हे सगळं बनवतं कोण, असा त्यांचा प्रश्न होता.

काठी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत. जुन्या मेहवासी संस्थानांपैकी एक. हा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ला, पण होळीची परंपरा गावकरी १२४६ सालापर्यंत मागे नेतात. होळीचा खड्डा कुदळ-फावडं न लावता हातांनी उकरतात, हेही सगळ्या बातम्यांत असतं.

मी रेंगाळलो ते बुध्यांच्या वेशापाशी. नवस बोललेले पुरुष बुध्या किंवा बावा होतात. त्याआधी पाळणी असते: खाटेवर निजायचं नाही, ब्रह्मचर्य मोडायचं नाही. कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू, डोक्यावर टोप, उघड्या अंगावर पांढरी नक्षी. हा दुधी भाजीचा कोवळा नव्हे. तो वेलावरच जून होऊ द्यायचा, मग वाळवायचा. साल लाकडासारखी टणक होते, आतला गर आटतो, बिया सुट्या होतात. फाल्गुनातल्या नाचाची तयारी अशी वेल लावतानाच सुरू झालेली असते. टोपाच्या कामट्या एकाने धरायच्या, दुसऱ्याने आवळायच्या. बांधणी सैल राहिली तर रात्रभराच्या नाचात टोप कलतो.

नक्षीचं काम एका वयस्क माणसाकडे होतं. राख पाण्यात कालवलेली, बोट हाच कुंचला. समोरच्या तरुणाला तो जरा वाकायला लावी, कातडी ताणली की मणक्याच्या दोन्ही बाजूंनी ठिपके टेकवत खाली येई. मध्येच थांबून आधीची ओळ वाळली का ते बघे. ओल्या ठिपक्याला धक्का लागला तर पुसून पुन्हा. छाती, हात, पाय ज्याचे त्याला रंगवता येतात. पाठीला दुसरा माणूसच लागतो. नवस एकट्याचा असला तरी वेश एकट्याने होत नाही, आणि मला या होळीचं खरं मोठेपण तिथेच दिसतं.

अशीच पांढरी नक्षी वारल्यांची: डहाणूकडे लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवर लिहायच्या. ती चित्रं पुढे कागदावर आली, जगभर गेली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. बुध्याची नक्षी मात्र सण सरला की धुऊन जाते. पुढच्या वर्षी ती काढायला तेच हात लागतात.

काळजी या हातांचीच आहे. वस्तूंच्या अडचणी आहेतच. मोराला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते हवंच. त्यामुळे पिसं आपोआप गळलेलीच घ्यायची, आणि टोप भरेल इतकी जमवायला दम लागतो. पाहुणेही वाढलेत. एकाची पाठ रंगत असताना चारी बाजूंनी मोबाईल पुढे येतात, आणि पाळणीतल्या माणसाला विचारण्याचं भान थोड्यांनाच असतं. याचा मला राग येतो.

पण सर्वांत मोठी अडचण उसाची. पावसाळा संपला की पाडेच्या पाडे गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. त्यात होळी तिथीवर चालते: २०२४ला ती २४ मार्चला होती, २०२५ला १३ मार्चला. ती जितकी आधी येते तितकी ऊसतोड ऐन भरात असते, आणि रजा मुकादमाच्या मर्जीवर. कुणी होळीच्या आदल्या दिवशी घरी पोचतो, कुणी पोचतच नाही. उशिरा आलेला नाचतो, पण कामट्या बांधायला आणि राख कालवायला तो नसतो. त्याच्या पाठीवर ठिपके देणारा माणूस दर वर्षी म्हातारा होतोय, आणि शेजारी बसून शिकण्याचे दिवस फडात जातात.