दुसऱ्या इंजिनाचा भरवसा

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझी पुतणी सुट्टीत वर्तकनगरला घरी आली होती. गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर ती वैमानिक होण्याचे शिक्षण घेत होती. एका इंजिनाचे विमान हाती बसले होते. आता दोन इंजिनांच्या विमानाची पाळी आली होती.

वहिनींना मात्र धास्ती वाटे. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले दोन इंजिनांचे किंग एअर विमान घाटकोपरला कोसळले. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी प्राणास मुकले. ठाण्याहून घाटकोपर ते किती दूर? वहिनींची समजूत घालायला मीच पुढे झालो होतो. "अहो वहिनी, एक इंजिन बंद पडले तरी दुसरे असतेच की!"

हे ऐकून पुतणी म्हणाली, "काका, इथेच तर फसगत होते. समजा, घरात दोघे मिळवते आहेत, प्रत्येकी ५० हजार. खर्च ४० हजार, म्हणजे शिल्लक ६० हजार. एकाची नोकरी गेली. मिळकत निम्मी झाली, पण शिल्लक?"

"१० हजार!"

"विमान वर चढते ते या शिलकेवर. शिवाय बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहून विमानाला मागे ओढतो. तो नवा खर्च!"

मग तिने दोन पाट पायांपुढे ठेवले. हे रडरचे पेडल. उजवे इंजिन बंद पडले, की डाव्याच्या ओढीने विमानाचे नाक उजवीकडे वळते. ते सरळ ठेवायला डावा पाय दाबायचा. जो पाय मोकळा राहिला, त्या बाजूचे इंजिन गेले! पण एवढ्यावर विसंबायचे नाही. त्या इंजिनाचा दांडा हळूच मागे घ्यायचा. काहीच फरक पडला नाही, तर निदान खरे. मगच त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला धार देतील अशी फिरवायची. याला 'फेदर करणे' म्हणतात.

"एवढी चौकशी करायला वेळ असतो?" मी विचारले.

"घाई महागात पडते, काका. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या प्रवासी विमानाचे एक इंजिन निकामी झाले आणि वैमानिकाने चुकून चांगलेच बंद केले. ४३ माणसे गेली."

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच होती. वेग एका मर्यादेखाली गेला, तर रडरही विमानाला सावरू शकत नाही. विमान बंद इंजिनाच्या बाजूला कलंडू लागते. अशा वेळी नाक खाली करून चांगल्या इंजिनाचाच जोर कमी करायचा! जमीन जवळ असताना हे करायला मन कसे धजावे?

"म्हणूनच निर्णय आधी घ्यायचा," ती म्हणाली. "उड्डाणापूर्वी आम्ही तो मोठ्याने बोलून दाखवतो. चाके जमिनीवर असताना इंजिन गेले, तर दोन्ही बंद करून थांबायचे. उडाल्यावर गेले आणि चढता येईना, तर वेग राखून समोर सापडेल त्या जागी उतरायचे. विमान मोडले तरी चालेल. धावपट्टीवर सरांनी पहिल्यांदा एक दांडा मागे ओढला, तेव्हा मी क्षणभर दुसऱ्याच्या भरवशावर पुढेच निघाले. सरांनी तोही ओढला. त्या दिवशी मला चांगलाच धडा मिळाला."

एवढ्यात माझे लक्ष दाराकडे गेले. चकलीचे ताट घेऊन वहिनी केव्हाच्या तिथे उभ्या होत्या. मी ओशाळलो. माझ्या आश्वासनाचे तर तीनतेरा वाजले होते! आता परत जायची परवानगी मिळणार कशी?

वहिनींनी ताट खाली ठेवले. म्हणाल्या, "भावजी, तुमच्या बोलण्याने मला कधी धीर आला नव्हता. आज आला." मग लेकीकडे वळून त्यांनी विचारले, "आता वेळेवर थांबतेस ना?"

"हो, आई."

"मग जा."