खाका पुसावा, नक्षी राहावी

जऊळक्यासारख्या गावातही आता कापड दुकानाची जाहिरात मोबाइलवर फिरते. ईद किंवा लग्नसराई जवळ आली की आमच्या दुकानातील पोरे अॅपवर हलती चित्रे काढू लागतात. ओढणी उडते, तिच्यावर वेलबुट्टी उमलते, शेवटी भाव येतो. गिऱ्हाइकाला ते आवडते. पण यात खरा वेळ जातो तो काढण्यात नव्हे, खोडण्यात.

व्यापारी माणसाने हिशेब करून पाहावा. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. हाताने काढताना एकच चित्र बहुधा दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. पाच सेकंदांच्या जाहिरातीला ६० झाली. कोपऱ्यात लिहिलेला ३५० चा भाव ३२० करायचा, तर खोडरबर ६० वेळा फिरवा! शिवाय तो शेजारची किनारही खातो. भाव वेगळ्या थरावर लिहावा, असे जाणकार म्हणतील. बरोबर आहे, पण घाईच्या दिवसांत कोण एवढे पाहतो?

आमच्या जरी कारागिरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. ते ट्रेसिंग कागदावर नक्षी काढतात, रेघांवर सुईने बारीक छिद्रे पाडतात आणि रॉकेलात कालवलेला सफेदा किंवा नीळ बोळ्याने त्यावर फिरवतात. कापडावर ठिपक्यांचा खाका उतरतो. त्यावर आरी चालते. काम झाले की उरलेला खाका पुसला जातो, जर मात्र जागेवरच राहते. हाताने कार्टूनपट काढणारेही कच्ची रेघ फिक्या निळ्या पेन्सिलीने ओढत आणि पक्की रेघ वेगळी काढत. कच्चे आणि पक्के यांचा रंगच निराळा.

मोबाइलच्या अॅपमध्ये असाच खोडरबर हवा, अशी आमची सूचना आहे. निवडलेल्या रंगाचीच रेघ तो पुसेल, बाकीच्यांना हात लावणार नाही. आणि अमुक चित्रापासून तमुक चित्रापर्यंत म्हटले की एकाच फटक्यात सगळीकडची तीच जागा साफ करील. हे अशक्य नाही. २०१६ साली सर्वांसाठी मोफत खुल्या झालेल्या ओपनटून्झ या संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही सोयी आहेत. परंतु गावातील पोरांच्या हाती संगणक कुठला? त्यांच्याजवळ मोबाइल आहे. एक खबरदारी मात्र हवी. साठ चित्रांतून पुसण्याआधी अॅपने एकदा विचारावे, आणि पुसलेले एका बोटाने परत यावे. नाही तर ऐन सणाच्या आदल्या रात्री सगळी मेहनत पाण्यात.

बहुतेक अॅपमध्ये कंपनीला सूचना लिहिण्याची जागा असते. आम्ही आमची लिहून पाठवीत आहोत. जरीकाम, छपाई आणि मेंदीच्या नक्षीवाल्या बंधूंनीही आपापली अडचण दोन ओळींत लिहावी, सोबत बिघडलेल्या चित्राचा फोटो जोडावा. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे.