आधी त्याच्यासमोर खेळा

परदेशी पक्ष्यांच्या नोंदणीची मुदत २८ ऑगस्ट २०२४ रोजी संपली. कॉन्यूर, मकाव, आफ्रिकन ग्रे पाळणारी घरं त्याआधीचे काही आठवडे खरेदीची पावती शोधण्यात आणि केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावरचा अर्ज भरण्यात गुंतली होती. बजरिगर, कॉकाटील आणि पीच-फेस लव्हबर्ड हे वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीबाहेर असल्यामुळे त्यांच्या मालकांना ही धावपळ नव्हती. नियम हवेच होते. पक्षी कोणत्या प्रजातीचा, कुठून आला, कुणाच्या ताब्यात आहे, याची सरकारदरबारी नोंद नसणं हीच चोरट्या व्यापाराची मोठी सोय होती. पण हा अर्ज भरला जात असताना तोच पक्षी पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात दांडीला घट्ट चिकटून बसलेला होता, अशी घरं कमी नव्हती. त्याचं काय करायचं, हे कोणत्याही अर्जात लिहिलेलं नाही.

पुढचं सगळं देशी पोपटाला लागू नाही, हे आधीच सांगायला हवं. ढोलीतून काढून टोपलीत विकायला आणलेलं हिरवं पिल्लू, पहाडी पोपट, तुईया, यातलं काहीही घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे मिठू आहे’ या सबबीने तो गुन्हा कमी होत नाही. असं पिल्लू घरात असेल तर त्याला माणसाळवण्याचे उपाय शोधू नयेत. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, म्हणजे त्याला पुन्हा रानात जाण्याची संधी तरी मिळेल.

परदेशी पोपटाला ती वाट नाही. तो इथेच, पिंजऱ्यात जन्मला आहे आणि सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं याच घरात राहणार आहे.

सन कॉन्यूरचं उदाहरण घेऊ. आपल्याकडे सगळ्यांत हौसेने घेतला जाणारा हा पिवळा-केशरी पोपट मूळचा उत्तर ब्राझील आणि गयानाचा. रानात तो थव्याने राहतो, थव्याने खातो, थव्याने झोपतो. आपल्याकडचं पिल्लू बहुतेक वेळा डोळे उघडण्याच्या सुमारास घरट्यातून काढलेलं असतं. मग सिरिंजने किंवा चमच्याने हँडफीड, प्लास्टिकच्या डब्यात इतर पिल्लांची ऊब, आणि एक दिवस खोक्यातून प्रवास. नव्या घरी पोहोचतं तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदाच एकटं असतं. शेजारचे लोक बघायला येतात. लहान मुलं जाळीतून बोटं घालतात. कुणीतरी ‘स्टेप अप, स्टेप अप’ (हातावर चढ) म्हणत हात आत सरकवतं. पिल्लू मागे सरतं, पंख आवळतं, खेळण्याला चोच लावत नाही. चार दिवसांनी निकाल लागतो: पक्षी ‘सेमी टेम’, म्हणजे अर्धवट माणसाळलेला निघाला, ब्रीडरने फसवलं.

हा निकाल फार घाईचा आहे. पोपट हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. वरून झेपावणारी सावली ही त्याच्यासाठी जन्मजात धोक्याची खूण, आणि पिंजऱ्याच्या वरच्या दारातून उतरणारा हात त्या सावलीहून फारसा वेगळा नसतो.

पक्षी नुसता बुजरा आहे असं ठरवण्याआधी एक तपासणी मात्र टाळू नये. आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो. पिसं दिवसभर फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले, श्वासागणिक शेपूट वरखाली होते, विष्ठेचा रंग किंवा घट्टपणा बदललेला, अशी लक्षणं दिसली तर तो लाजाळू नाही, आजारी आहे. पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जायला हवं. घाबरलेल्या पक्ष्याची पिसं उलट अंगाशी चप्प असतात आणि मान ताठ असते. क्षणभर पिसं फुलवून अंग झाडणारा, झोपेपूर्वी चोचीवर चोच घासत बारीक करकर आवाज करणारा पक्षी निवांत आहे, असं समजावं.

आता हाताबद्दल. आपल्याकडच्या पक्षीबाजारात आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत एक सल्ला सर्रास मिळतो: टॉवेलने धरा, हातात घट्ट ठेवा, चावला तरी सोडू नका, दोन दिवसांत ‘टेम’ होईल. पक्षी खरोखरच शांत होतो, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पण ती शांतता तपासली पाहिजे. मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं, की सुटका नसलेल्या त्रासात ठेवलेला प्राणी पुढे सुटकेची वाट उघडी असतानाही प्रयत्न सोडून देतो. टॉवेलमधला पोपट चावणं थांबवतो तेव्हा त्याला माणूस आवडू लागलेला असतोच असं नाही. त्याने आशा सोडलेली असू शकते. अशा पक्ष्याला खेळायला लावणं मग अधिकच अवघड होतं, कारण खेळण्यासाठी पुढाकार लागतो आणि आपण तोच मोडलेला असतो.

मग काय करायचं? याचं सर्वांत चांगलं उत्तर एका रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या कामात सापडतं. त्या कामाची कीर्ती बोलक्या पोपटामुळे झाली, आणि त्या कीर्तीखाली त्यातली घरगुती उपयोगाची गोष्ट झाकली गेली.

आयरीन पेपरबर्ग यांनी हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली आणि १९७७ मध्ये शिकागोतल्या एका दुकानातून साधारण वर्षाचा आफ्रिकन ग्रे पोपट विकत घेतला. हुशार पक्षी निवडला असा आक्षेप नको, म्हणून निवड त्यांनी दुकानातल्या माणसावर सोडली. त्याने जाळी टाकली आणि हाती लागला तो पक्षी खोक्यात घातला. हाच पुढे जगभर गाजलेला अ‍ॅलेक्स. पर्ड्यू विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत आला तेव्हा तो भेदरलेलाच होता.

पेपरबर्ग यांनी त्याला शिकवायला घेतलं ते त्याच्याकडे पाठ करून, असं म्हटलं तरी चालेल. जर्मन संशोधक डीटमार टॉट यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘मॉडेल-रायव्हल’ पद्धत त्यांनी उचलली. मराठीत तिला नमुना आणि प्रतिस्पर्धी म्हणू. पोपट दांडीवर बसलेला असतो आणि त्याच्यासमोर दोन माणसं एकमेकांशी वागत असतात. एकाच्या हातात वस्तू असते, समजा कागद. तो दुसऱ्याला विचारतो, हे काय आहे? दुसऱ्याने बरोबर सांगितलं की कागद त्याला मिळतो, तो कागद फाडतो, मजेत उलटसुलट करतो. चुकला तर वस्तू बाजूला जाते. दुसरा माणूस एकाच वेळी पोपटासाठी नमुना असतो आणि लक्ष व वस्तू मिळवण्याच्या शर्यतीतला प्रतिस्पर्धीही. पोपटावर कुणीही दबाव आणत नाही. त्याने बघावं, वाटलं तर मध्ये पडावं.

पेपरबर्ग यांनी या पद्धतीत दोन महत्त्वाचे बदल केले. एक, दोन्ही माणसं भूमिका बदलत राहिली. टॉट यांच्या पक्ष्यांनी फक्त नमुन्याच्या वाट्याचं बोलणं उचललं होतं आणि ते एकाच माणसाला प्रतिसाद देत होते. भूमिका फिरत्या ठेवल्यावर अ‍ॅलेक्स कुणाशीही बोलू लागला. दुसरा बदल बक्षिसाचा. कागदाचं नाव घेतलं तर बक्षीस कागदच, बदाम नाही. त्यामुळे वस्तूच हवीहवीशी झाली. पुढे अ‍ॅलेक्स पन्नासएक वस्तू, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतच्या संख्या ओळखू लागला. ६ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला.

पेपरबर्ग यांच्या प्रयोगशाळेतला आणखी एक निष्कर्ष आज विशेष कामाचा आहे. दुसऱ्या ग्रे पोपटांना हेच धडे नुसत्या ध्वनिफितीवरून, आणि एकट्याने व्हिडिओ दाखवून देऊन पाहिले. ते शिकले नाहीत. समोर जिवंत माणसांची देवाणघेवाण असली तरच शिकणं झालं. कामावर जाताना पिंजऱ्यासमोर मोबाइलवर ‘पॅरट टॉकिंग’चे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ लावून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बुजऱ्या पिल्लाच्या घरी ही पद्धत शब्द शिकवण्यासाठी वापरायचीच गरज नाही. ती खेळासाठी वापरावी, आणि आपल्या घरांत ती फार सहज बसते. आजी आणि नातू पिंजऱ्यापासून सात-आठ फुटांवर जमिनीवर बसतात. मध्ये एक खेळणं, म्हणजे मक्याचं कणीस, नारळाची करवंटी किंवा पळसाची कोरडी पत्रावळ. नातू पत्रावळीचा तुकडा टरकावतो, आजी कौतुक करते, पत्रावळ मागून घेते, आता ती टरकावते. पक्ष्याकडे टक लावून बघायचं नाही, त्याला हाक मारायची नाही. पाच-सात मिनिटांत खेळ संपवायचा आणि पत्रावळ घेऊन उठायचं. ती त्याला लगेच देऊन टाकायची नाही. पक्षी मान वाकडी करून बघू लागला, दांडीवर पुढे सरकला, की दुसऱ्या दिवशी दोघांनी थोडं जवळ बसावं. त्याने जाळीला चोच लावली, तर त्या दिवशी तुकडा त्याचा. तो मागे सरला तर आपणही मागे. या एका नियमावर सगळं टिकून आहे: अंतर किती ठेवायचं हे पक्षी ठरवतो.

खाणंही असंच समोर व्हावं. सकाळचा पेरू पिंजऱ्याशेजारी बसून खाल्ला आणि त्यातली फोड जाळीत अडकवून दिली, तर थव्याने खाणाऱ्या जातीला ते लवकर कळतं. पुढे एखादी काडी घेऊन तिच्या टोकाला चोच लावली की सूर्यफुलाचं एक बी, असं ‘टार्गेट’ शिकवता येतं. त्यासाठी बी एरवीच्या वाडग्यात मिळता कामा नये. हात येतो तो या सगळ्यानंतर, खालून, छातीच्या पातळीवर, आणि नको असेल तर परत जाणारा.

खेळ कळपातून लागतो याचा एक सुंदर पुरावा न्यूझीलंडच्या डोंगरांतून आला आहे. किआ नावाचा तिथला पोपट खेळताना एक विशिष्ट कंपित साद घालतो. राऊल श्विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातल्या किआंना तिचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. आसपासचे पक्षी खेळू लागले. काही एकमेकांशी, काही हवेत एकटेच कसरती करत, काही हाती लागलेल्या वस्तूशी. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाच्या हसण्याने कॉन्यूरही खेळू लागेल, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. पण खेळाची लागण होते, आणि रिकाम्या घरात ती कुठून होणार, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही.

पिंजऱ्यात काय आहे यावरही धीटपणा ठरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत शेरिल मीहान आणि जॉय मेंच यांनी नारिंगी पंखांच्या अ‍ॅमेझॉन पोपटांच्या पिल्लांवर काम केलं. ज्यांच्या पिंजऱ्यात चढायला, कुरतडायला, अन्न शोधून काढायला जागा होत्या आणि त्या बदलत होत्या, ती पिल्लं नव्या वस्तूंना कमी बिचकली. म्हणजे घाबरट पक्ष्याचा पिंजरा ‘त्याला भीती वाटते म्हणून’ रिकामा ठेवणं हे भीतीला खतपाणी घालणं आहे. कडुनिंबाच्या आणि पेरूच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या, कागदात गुंडाळलेलं धान्य, करवंटीत दडवलेला डाळिंबाचा दाणा. खर्च जवळजवळ काहीच नाही. जस्ताचा मुलामा दिलेली साखळी आणि सुटणारे दोरे तेवढे नकोत.

याच गटाच्या कामाने बाजारातली एक लाडकी समजूतही खोडली आहे. दोन पक्षी घेतले तर ते माणसाशी जुळत नाहीत, असं प्रत्येक दुकानदार सांगतो. डेव्हिसमध्ये जोडीने ठेवलेली पिल्लं एकट्या पिल्लांपेक्षा जास्त खेळली, कमी किंचाळली आणि माणसाला दुरावली नाहीत. त्याच विद्यापीठातलं १९९९ मधलं आणखी एक काम सांगतं, की आईबापांनीच वाढवलेल्या पिल्लांना घरट्यात रोज थोडा वेळ हाताळलं तरी ती माणसाळतात. मग डोळे उघडायच्या सुमारास पिल्लू ओढून काढायचं आणि सिरिंजवर वाढवायचं कशासाठी? ‘हँडफीड’ ही पाटी लावली की भाव वाढतो, याखेरीज दुसरं पटण्याजोगं कारण दिसत नाही. जगणं शिकण्याच्या वयात आईबाप आणि भावंडं हिरावून घ्यायची आणि नंतर पिल्लू बुजतं म्हणून खरेदीदाराला उपाय शोधायला लावायचं, हा व्यवहार थांबायला हवा. केंद्राच्या नियमांत जन्माची नोंद द्यावी लागते. त्याच रकान्याशेजारी पिल्लू आईबापांपासून कितव्या दिवशी वेगळं केलं, हेही विचारावं.

झोपेबद्दल थोडं. सन कॉन्यूरचा मुलूख विषुववृत्ताजवळचा आहे. तिथे वर्षभर रात्र जवळपास बारा तासांची असते. आपल्या दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत मालिका चालते, दिवे लखलखत असतात, सकाळी सहाला कुकरची शिट्टी. चिडचिडा किंवा मलूल पक्षी नुसता जागरणाने तसा झालेला असू शकतो. पिंजरा रात्री शांत, अंधाऱ्या खोलीत हलवावा, पण स्वयंपाकघरात नको. तापलेल्या नॉन-स्टिक तव्याचा धूर पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो.

ज्यांनी अजून पक्षी घेतलेला नाही, त्यांनी पैसे देण्याआधी ब्रीडरला चार गोष्टी विचाराव्यात. पिल्लू स्वतःच्या चोचीने पूर्ण खातं का, आणि किती आठवड्यांपासून? ते भावंडांबरोबर वाढलं की एकटं? त्याचे आईबाप बघता येतील का? आणि महिनाभर दर रविवारी तासभर येऊन नुसतं बसू द्याल का? शेवटच्या प्रश्नाला ‘कशाला, आजच घेऊन जा’ असं उत्तर आलं, तर दुसरा ब्रीडर शोधावा.