कव्हराच्या घडीत गेलेला माणूस

आमच्या लहानपणी नारायणगावात रद्दीवाल्याकडे 'सोव्हिएत लँड'चे जुने अंक किलोवर मिळायचे. कागद जाड आणि गुळगुळीत. जूनमध्ये वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला त्यासारखा दुसरा कागद नव्हता. एका वर्षी माझ्या भूमितीच्या पुस्तकावर एक बाई आली. आखूड काळे केस, हनुवटीखाली मूठ, समोर बुद्धिबळाचा पट. पटापलीकडचा माणूस मात्र कव्हराच्या घडीत गेला होता. त्याची एक बाही आणि मनगटावरचं घड्याळ तेवढं दिसायचं. बाईचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं. वर्षभर ते चित्र माझ्याबरोबर शाळेत गेलं-आलं.

आमच्या गावात पारावर बुद्धिबळ चालायचं, पण ते देशी पद्धतीचं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकणार. प्याद्यानं मात केली तर तिचा मान मोठा. 'प्यादेमात' म्हणताना म्हाताऱ्यांचा आवाज चढायचा. त्या पारावर मी एकही बाई बसलेली पाहिली नाही, आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलंही नाही. म्हणूनच त्या कव्हराकडे मी पुन्हा पुन्हा बघत असेन. पुढे कॉलेजात गेल्यावर वाचनालयातल्या एका अंकात तोच चेहरा दिसला आणि नाव कळलं: नोना गाप्रिंदाश्विली. सोव्हिएत संघातल्या जॉर्जियाची खेळाडू.

१९४१ साली पश्चिम जॉर्जियातल्या झुगदिदी गावात तिचा जन्म झाला. पाच भावांत एकटी बहीण. भावांचे डाव बघत शिकली. बारा-तेरा वर्षांची असताना बाटुमीच्या स्पर्धेत वाख्तांग कार्सेलाद्झे या प्रशिक्षकाची नजर तिच्यावर पडली आणि ती राजधानी तिबिलिसीला शिकायला गेली. १९६२ मध्ये तिनं एलिसावेता बिकोवाकडून जगज्जेतेपद घेतलं. अकरा डावांत सात विजय, चार बरोबऱ्या, हार एकही नाही. ते पद सोळा वर्षं तिच्याकडे राहिलं. अल्ला कुशनिरनं तीन वेळा आव्हान दिलं, नाना अलेक्सांद्रियानं एकदा. त्या काळात निम्मं महिला बुद्धिबळ जॉर्जियातच होतं म्हटलं तरी चालेल. १९७८ मध्ये तिला हरवणारी मैया चिबुर्दानिद्झेही जॉर्जियाचीच, अवघ्या सतरा वर्षांची. नोनाला बघून त्या देशातल्या मुलींची एक अख्खी पिढी पटावर बसली होती. जॉर्जियात नवरीला माहेराहून द्यायच्या वस्तूंत बुद्धिबळाचा पट असायचा, आणि सोबत शोता रुस्तावेलीचं महाकाव्य, बिबट्याचं कातडं पांघरलेल्या वीराचं. बिबट्यांच्या जुन्नर तालुक्यातल्या माणसाला हे वाचून त्या देशाशी नातं असल्यासारखं वाटतं.

पण माझ्या मते तिची खरी थोरवी जगज्जेतेपदात नाही. महिलांचं जगज्जेतेपद हातात असताना ती तिथे थांबली नाही, यात आहे. १९६३-६४ मध्ये इंग्लंडच्या हेस्टिंग्जला चॅलेंजर्स गटात ती पहिली आली. त्यामुळे पुढच्या वर्षी मुख्य गटात जागा मिळाली आणि पॉल केरेसनं जिंकलेल्या त्या स्पर्धेत ती पाचवी आली. १९७४ मध्ये डॉर्टमुंडला सर्व्हाटी नावाच्या खेळाडूला तिनं वीस चालींच्या आत हरवलं. तो छोटासा डाव मी दरवर्षी आमच्या बुद्धिबळाच्या वर्गातल्या नव्या मुलांना मांडून दाखवतो आणि दरवर्षी कुणीतरी 'परत दाखवा' म्हणतं. मग १९७७. कॅलिफोर्नियातलं लोन पाइन हे व्हिटनी शिखराच्या पायथ्याचं छोटंसं गाव. आपल्या घोडेगावासारखं, डोंगराच्या कुशीतलं. तिथे दरवर्षी जगातले बलाढ्य ग्रँडमास्टर जमायचे. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर चौघं बरोबरीत होते: बालाशोव, पान्नो, शाहोविच आणि नोना. ग्रँडमास्टर किताबाच्या नियमांतल्या सगळ्या तांत्रिक अटी भरत नव्हत्या, तरी ही कामगिरी पाहून जागतिक संघटनेनं १९७८ मध्ये तिला किताब दिला. तो मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री.

आपल्या पटावर राणी नाही, वजीर आहे. रशियनमध्येही त्या सोंगटीला 'फेर्झ' म्हणतात. शब्द फारसीतून गेलेला, अर्थ वजीरच. 'राणी' हे नाव युरोपातलं. मला आपलं नाव जास्त आवडतं. राणी ही राजाची कोण, हे नावातच येतं. वजीर स्वतःच्या अकलेवर तिथे बसलेला असतो.

नोना खेळत होती त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं, हे मराठी घरांत आज फारसं आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. १९७४ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा झाली ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. पुढच्या वर्षी बहीण जयश्री, त्याच्या पुढच्या वर्षी धाकटी रोहिणी. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या तीन मुली. पहिल्या दशकातलं प्रत्येक राष्ट्रीय विजेतेपद याच घरात गेलं. रोहिणी खाडिलकर पहिल्यांदा जिंकल्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या, आणि त्याच १९७६ मध्ये त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांना स्पष्ट करावं लागलं की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. मुंबईच्या एका तेरा वर्षांच्या मुलीमुळे हे घडलं. १९८१ मध्ये हैदराबादला त्या आशियाच्या विजेत्या झाल्या, १९८३ मध्ये पुन्हा. १९८६ च्या दुबई बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये त्या भारताकडून खेळल्या. पंचेचाळिशीतली नोनाही तिथे होती. सोव्हिएत संघाकडून दहा डाव खेळली आणि दहाही जिंकली.

सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी पुढे ती वाट चालू ठेवली. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या, १९९१ मध्ये आशियाच्या विजेत्या. पुण्याची सौम्या स्वामिनाथन २००९ मध्ये ज्युनियर मुलींची जगज्जेती झाली.

आणि मी? मी आंबेगाव तालुक्यात गणित शिकवत होतो आणि मुलांना बुद्धिबळाच्या स्पर्धांना नेत होतो. आमच्याकडे आठवीत एक मुलगी होती. शाळेतल्या एकूण एक मुलाला तिनं हरवलं होतं. शालेय स्पर्धेत मुलांचा गट वेगळा, मुलींचा वेगळा. तालुक्याला मुलींच्या गटात त्या वर्षी जेमतेम चार नावं आली. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "सर, मी मुलांत खेळू का?" मी म्हणालो, "नियम नाही बाळा." तिचे डाव तासाभरात संपले. मग दुपारभर ती दुसऱ्या खोलीच्या खिडकीशी उभी राहून मुलांचे डाव बघत होती. रोहिणी खाडिलकरांचं प्रकरण मला ठाऊक होतं. नोनाचं चरित्र ठाऊक होतं. नियम मी बदलू शकत नव्हतो, पण हे दोन्ही तिला सांगू शकलो असतो. कुणापुढे एक अर्ज तरी करू शकलो असतो. मी काहीच केलं नाही. ती पुढे बुद्धिबळ खेळली नाही.

त्यानंतर मंचरजवळ आम्ही रविवारचा वर्ग सुरू केला. तिथे जोड्या लागतात त्या खेळाच्या ताकदीवर, मुलगा-मुलगी बघून नाही. खुल्या स्पर्धांतही मुलींना त्याच पटांवर बसवतो. वर्ग पाचला सुटतो. इथल्या उसात बिबटे आहेत. अंधार पडायच्या आत पोरं घरी पोचायला हवीत, आणि मुलींच्या घरची काळजी दुप्पट असते. कधी कधी डाव अर्धा राहतो. मग मांडणी वहीत लिहून ठेवायची आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुढे.

ऑक्टोबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर 'द क्वीन्स गॅम्बिट' आली. टाळेबंदीच्या दिवसांत आमच्या वर्गातल्या मोठ्या मुलांनी ती पाहिली आणि मलाही पाहायला लावली. मालिका सुंदर आहे, ती पाहून नव्या मुली वर्गात आल्या. पण शेवटच्या भागात, १९६८ च्या मॉस्कोतल्या स्पर्धेत, निवेदक नायिकेचं कौतुक करताना नोनाचं नाव घेतो आणि सांगतो की ती महिला जगज्जेती आहे खरी, पण पुरुषांशी कधी खेळलेली नाही. मला एकदम माझ्या भूमितीच्या पुस्तकाचं कव्हर आठवलं. पटापलीकडचा माणूस इथेही घडीत घातला होता. वॉल्टर टेव्हिसच्या १९८३ च्या मूळ कादंबरीत तर उलट लिहिलं होतं: तिथल्या ग्रँडमास्टरांशी ती आधी अनेकदा खेळलेली आहे.

नोना तेव्हा ७९ वर्षांची होती. तिनं हे मुकाट्यानं सोसलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तिनं लॉस एंजेलिसच्या न्यायालयात पन्नास लाख डॉलरचा दावा लावला. १९६८ पर्यंत आपण किमान ५९ पुरुषांशी खेळलो होतो, त्यांतल्या २८ जणांशी एकाच वेळी, असं त्यात नोंदवलं. तिला रशियन म्हटलं गेलं होतं, त्याचाही जाब विचारला. ती जॉर्जियन आहे. दावा फेटाळून लावण्याची नेटफ्लिक्सची मागणी न्यायालयानं मान्य केली नाही, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. काहींना ते आकांडतांडव वाटलं. मला नाही वाटलं. खोटं एका वाक्याचंच होतं, पण ते नेमकं तिच्या आयुष्याच्या कामावर पडलं होतं.

ऑलिंपियाडमध्ये खुला आणि महिला अशा दोन्ही संघांची मिळून सर्वांत चांगली कामगिरी ज्या देशाची, त्याला मिळणाऱ्या करंडकाला तिचं नाव आहे. दोन्ही पट एकत्र मोजणाऱ्या करंडकाला दुसरं कुणाचं नाव शोभलंही नसतं. २०२२ मध्ये चेन्नईला तो भारतानं घेतला, २०२४ मध्ये बुडापेस्टला पुन्हा. बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळवलं तेव्हा महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे आणि खुल्या संघात होता नाशिकचा विदित गुजराथी. पुणे-नाशिक रस्त्याच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा. मंचर आणि नारायणगाव मधल्या वाटेवर. मुलांना मी हे फळ्यावर रस्ता काढून सांगितलं. करंडकाचं नाव मात्र माझ्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर, एका ओळीत होतं.

२८ जुलै २०२५ ला सोमवार होता, वर्गाचा दिवस नव्हता. तरी संध्याकाळी चार मुली माझ्या ओसरीवर आल्या, दोघींचे वडील सोबत. फोनवर महिला विश्वचषकाची अंतिम लढत चालली होती, तीही बाटुमीत, कार्सेलाद्झेंनी नोनाला हेरलं त्याच गावी. एका बाजूला कोनेरू हंपी, दुसऱ्या बाजूला नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली आणि किताबासाठी लागणारा एकही नॉर्म आधी हाती नसताना थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. पटाशीच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या ओसरीवरही कुणी बोलेना. मग एकीनं विचारलं, "सर, बाटुमी कुठे आलं?" मी नकाशा काढला, काळ्या समुद्राच्या काठावर बोट ठेवलं आणि नोनापासून सगळं सांगायला लागलो. एका मुलीच्या वडिलांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण उठले नाहीत.

कव्हराचं सांगायचं राहिलं. वर्ष संपल्यावर पुस्तक धाकट्या भावाला द्यायचं म्हणून मी ते काढलं आणि घडी उलगडली. आतला माणूस कोट घातलेला, टक्कल पडलेला होता. दोन्ही हातांत डोकं धरून तो तिच्या वजिराकडे बघत होता.