‘यमुनापर्यटन’: विधवेच्या पुनर्जन्माची कथा

मूळचे बेळगावचे आणि 1854 मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेतलेले बाबा पदमनजी यांनी 1857 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. पती विनायकासह प्रवास करताना केशवपनासारख्या, म्हणजे विधवेचे मुंडन करण्याच्या, रूढींचे चटके सोसणाऱ्या स्त्रिया पाहणारी यमुना पुढे स्वतःच विधवा होते, आणि अखेर ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता 1856 मध्येच मिळाली होती. समाजाची मात्र नव्हती. लेखकाचा धर्मप्रचाराचा हेतू लपत नाही, त्यामुळे शेवट ठरवून आणल्यासारखा वाटतो. तरी वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिगती आजही अस्वस्थ करतात.